माळावरची खोपटं आणि केशरी कार्ड

आमची मोठी आई, म्हणजे वडिलांची आई, प्लेगबद्दल सांगायला बसली की आधी येसराबद्दल सांगायची. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मिरच्या असं सगळं वेगवेगळं भाजायचं, जात्यावर दळायचं आणि गाडग्यात दाबून भरायचं. पाणी उकळलं की मूठभर येसर कालवून सोडायचं, वर लसणाची फोडणी, की झाली आमटी. नगरकडच्या वाचकांना हे सांगायची गरज नाही. पण गाव सोडायची वेळ आली की चूल मागं राहते, जातं मागं राहतं, म्हैस दुसऱ्याच्या दावणीला जाते. येसराचं गाडगं तेवढं डोक्यावर घेता येतं. आमच्या पणजीनं राहुरी सोडताना ते गाडगं आणि देव्हाऱ्यातले टाक एवढंच बरोबर घेतलं होतं, असं मोठी आई सांगायची.

प्लेग तिनं स्वतः पाहिलेला नव्हता, निदान कळत्या वयात तरी नाही. तिच्या सासूनं तो पाहिला होता. सासूला ती आत्याबाई म्हणायची, म्हणून गोष्टीची सुरुवात कायम अशी : "आत्याबाई सांगायच्या, उंदरं पटापटा पडू राहिले का समजायचं, आता माळावर जायचं." मुळेच्या काठचं जुनं गाव रिकामं व्हायचं आणि माणसं माळावर खोपटं घालून राहायची. खोपटाला कडबा, पाचट, बाभळीच्या मेढी. हे नेमकं कोणत्या वर्षी झालं, ते आमच्या घरात कुणालाच धड सांगता येत नसे. एक वर्ष नव्हतंच ते. प्लेग जायचा आणि पुन्हा यायचा, माणसं घरी यायची आणि पुन्हा निघायची. धाकट्या आजोबांच्या सांगण्यात आणि मोठ्या आईच्या सांगण्यात दोन-तीन वर्षांचा फरक असे आणि त्यावरून दोघं जेवणाच्या ताटावर वाद घालत.

पुस्तकातली सनावळी मात्र पक्की आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉक्टर अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. मुंबई सोडून माणसं रेल्वेनं गावोगाव पांगली, आणि दौंड-मनमाड लोहमार्ग तर राहुरीवरूनच जातो. ४ फेब्रुवारी १८९७ ला इंग्रज सरकारनं साथरोग कायदा केला. चार कलमांचा, पानभराचा कायदा. प्रवाशांना थांबवा, तपासा, संशय आला तर वेगळं ठेवा. कोणी मोडता घातला तर शिक्षा. आणि कायद्याखाली काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा नाही. खर्च कुणी सोसायचा आणि भरपाई द्यायचीच झाली तर कुणी द्यायची, तेही सरकारनंच ठरवायचं. आजारी पडलेल्या माणसाला हक्कानं काय मिळेल, याबद्दल त्या पानावर एक शब्द नाही. हाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. सव्वाशे वर्षांनी तेच पान उघडलं गेलं, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

पुण्यात पुढं काय झालं ते आपण शाळेत शिकलो : गोऱ्या सोजिरांची घरझडती, बायकांची तपासणी, जाळलेलं सामान, रँड, चाफेकर. त्याच्या बातम्या राहुरीपर्यंत पोचल्या त्या बहुधा तिखटमीठ लावूनच. पणजीच्या मनात एवढंच बसलं होतं की शिपाई आले की माणूस नेतात आणि नेलेला माणूस परत येत नाही. तिच्या दिराच्या काखेत गाठ आली तेव्हा तिनं त्याला बळदाआड निजवलं. धान्याच्या बळदामागची ती अंधारी, कोंदट जागा. मी लहानपणी पाहिलेली आहे, पुढं ते घर पडलं. तिथं तो किती दिवस होता आणि त्याचं काय झालं, याच्या आमच्या घरात दोन गोष्टी आहेत. मोठी आई म्हणायची, तो वाचला आणि पुढं कोपरगावाकडं गेला. धाकटे आजोबा म्हणायचे, गेला, आणि रात्रीच नदीकाठी नेला. मी दोघांवर विश्वास ठेवत मोठा झालो. त्याला लपवलं एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत होतं. लपवणारी बाई मायेनंच लपवत होती. पण त्या कोंदट जागेत तिची दोन लेकरंही खेळायची, हे सांगताना मोठी आई हात जोडायची.

राहुरीत तेव्हा औषधपाणी नव्हतं असं नाही. अमेरिकन मराठी मिशनचे डॉक्टर बॅलंटाइन इथं होते. पाद्री आणि वैद्य, दोन्ही. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईही काही काळ राहुरीत राहिले. 'स्मृतिचित्रे' वाचताना राहुरीची पानं आली की मी अजून हळू वाचतो. मिशनच्या दवाखान्यात दिवसाउजेडी जायला आमच्या घरातली माणसं बिचकत. बाटवतील, ही भीती. पण पोर फणफणलं की रात्री कंदील घेऊन पणजोबाच जायचे, आणि डॉक्टर औषध द्यायचे, असं ऐकलंय. तिथं कुणी नाव पुकारत नव्हतं, पाठीमागं शिपाई येत नव्हता. म्हणून गेले.

पुढं सरकारलाही उमगलं असावं. जबरदस्तीनं माणसं आणखी लपतात, हे दोन-तीन वर्षांत दिसून आलं आणि धोरण हळूहळू मवाळ झालं. लोकांना आपणहून गाव सोडून मोकळ्या माळावर राहू द्यायचं, झडतीचा जोर कमी करायचा, आणि हाफकिनसाहेबांची लस टोचून घेणाऱ्याला दाखला द्यायचा. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत ती लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. दाखला असला की विलगीकरणाच्या जाचातून बरीच सूट मिळे. आमचे पणजोबा भुसाराचा माल घेऊन नगरला जात. टोचून घेतल्याशिवाय पोटापाण्याचा धंदा होईना, म्हणून त्यांनी दंड पुढं केला. तो दाखला पुष्कळ वर्षं पेटीत होता म्हणतात. मी पाहिलेला नाही. आमच्या घराण्यातली सरकारी आरोग्यधोरणाशी झालेली पहिली गाठभेट ही. धाकानं जे जमलं नाही ते सवलतीनं जमलं.

१९१८ चा मानमोडीचा ताप मात्र मोठ्या आईनं स्वतः पाहिला. ती नुकती लग्न होऊन आलेली, बारा-तेरा वर्षांची. त्या साली पाऊसही दडी मारून बसला होता. विहिरी तळाला, बाजरी करपलेली, आणि दिवाळीच्या सुमाराला हा ताप. "सगळं घरच्या घर अंथरुणाला. कोन कोनाला पानी देनार?" एवढं बोलून ती थांबायची. तिला ताप आला नाही, किंवा येऊन लवकर गेला. मग सासूनं तिला रोज सकाळी हुलग्याचं माडगं करून चार घरांच्या उंबऱ्यावर ठेवायला पाठवलं. उंबऱ्याच्या आत जायचं नाही, हाक मारायची आणि निघायचं. कुणी आतून 'व्हय' म्हटलं की बरं वाटायचं. एका घरातून दोन दिवस आवाज आला नाही. ती गोष्ट तिनं आम्हाला पुरी कधीच सांगितली नाही.

जनगणनेत याचा हिशेब सापडतो. १९११ मध्ये नगर जिल्ह्याची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या घरात होती. १९२१ मध्ये ती सव्वासात लाखांच्या आसपास उतरली. दहा वर्षांत पाचव्या हिश्शाहून जास्त. त्यात दुष्काळानं बाहेर गेलेलेही आले, पण मोठा वाटा या तापाचा. प्लेगच्या वेळी सरकार घरात घुसलं होतं. मानमोडीच्या वेळी ते आमच्या गल्लीत कुणाला दिसलंच नाही. महायुद्ध चालू होतं, डॉक्टर फौजेत गेलेले. शहरांत स्वयंसेवकांनी दवाखाने काढले, खेड्यात माडगं होतं. मोठी आई या दोन्ही सरकारांबद्दल सारख्याच शांतपणे बोलायची, याचं मला लहानपणी नवल वाटे. आता वाटतं, सरकारकडून काही मागता येतं, हेच तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

ते मागता येतं असं कागदावर पहिल्यांदा मांडलं गेलं ते स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. १९४४ मध्ये प्राध्यापक बी. पी. अडारकर या मराठी माणसानं कारखान्यातल्या कामगारांसाठी आरोग्यविम्याचा आराखडा दिला. त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. १९४६ मध्ये भोर समितीनं सांगितलं की खिशात पैसे नाहीत म्हणून कुणालाही उपचारापासून वंचित ठेवता कामा नये, आणि त्यासाठी गावोगाव सरकारी आरोग्यकेंद्रं हवीत. दोन वाटा. एक, पगारातून वर्गणी कापून विमा. दुसरी, करातून सर्वांसाठी दवाखाना.

पहिल्या वाटेचं आमच्या घराशी फार जवळचं नातं, म्हणजे खरं तर तुटलेलं नातं. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, साखर कारखान्यात हंगामी होते. आधी चिटबॉय, मग गट ऑफिसात. कामगार विमा कायद्यात साथीच्या दृष्टीनं फार मोलाची एक तरतूद आहे : वर्गणीदार कामगार आजारी पडला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत त्याला मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. म्हणजे ताप आलेला माणूस घरी निजू शकतो, पाळीला जाऊन आणखी दहा जणांना ताप देत नाही. पण कायद्यानं हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी कारखान्यांच्या यादीत साखर आणि गूळ स्पष्ट लिहिले. आमच्या तालुक्यात पैसा खेळवणारा धंदा तोच. गाळप सुरू झालं की चिमणीचा धूर दिसे, गव्हाणीपाशी बैलगाड्यांची रांग लागे, मळीचा तो आंबूस वास साऱ्या गावावर पसरे. आणि एवढ्या माणसांत ताप आला म्हणून हक्कानं निजू शकेल असं फार थोडं कुणी असे. ऊसतोडीच्या कोयत्यांचं तर विचारूच नका. पाथर्डी-बीडकडून जोडपी येत, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेस्तोवर ती थांबू शकत नसत. अण्णा सांगायचे, तापलेली बाई पाचटावर जरा टेकायची आणि पुन्हा मोळी बांधायला उठायची. अण्णांना स्वतःला हिवताप होता तेव्हाही ते सायकल मारीत फडात गेलेले मला आठवतात. आईनं अडवलं तर म्हणाले, "खाडा लागंल."

दुसरी वाट मात्र आमच्या दारापर्यंत आली, आणि तिच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. हिवतापाचे लोक पाठीवर पंप घेऊन यायचे. डीडीटी फवारायचे आणि भिंतीवर तारीख लिहून जायचे. मोठी आई दिवाळीआधी भिंती शेणामातीनं सारवायची आणि ते हात जोडून विनवायचे, "आजी, दोन महिने सारवू नका, सगळं औषध झाकून जातं." ती त्यांना गूळ-शेंगदाणे द्यायची. सारवायची की नाही, ते आठवत नाही. बहुतेक पुढची ओसरी सारवायची आणि मागच्या खोल्या सोडायची. मलेरियाचा माणूस तापलेल्या पोराच्या बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचा. देवी टोचणारे यायचे तेव्हा आम्ही पोरं कणगीमागं दडून बसायचो. पण ते मोठ्या आईला नावानं ओळखत, सुना कुणाच्या माहेरी गेल्यात ते त्यांना ठाऊक असे. "धाकटीचं पोरगं कुठंय?" असं ते विचारायचे आणि मोठी आई स्वतः आम्हाला कान धरून पुढं आणायची. जिच्या सासूनं माणूस बळदाआड लपवला, तीच बाई पोरं ओढून पुढं करीत होती. मधल्या काळात सरकारी माणसाचा चेहरा बदलला होता. देवीच्या शेवटच्या पर्वात, १९७५ मध्ये, देवीचा रोगी कळवणाऱ्याला सरकारनं १००० रुपयांचं बक्षीस लावलं. तेव्हाचे हजार! अण्णांच्या कित्येक पगारांएवढे. त्याच वर्षी भारतात देवीचा शेवटचा रोगी सापडला.

या सगळ्यांतून मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, आणि तीच सांगायला मी एवढं लांबण लावलं आहे. साथीत आजारी माणूस पुढं येतो की लपतो, हे त्याच्या शहाणपणावर फारसं अवलंबून नसतं. पुढं आल्यावर त्याचं काय होणार, यावर ते ठरतं. नेतील की बघतील, मजुरी बुडेल की मिळेल, बिल कोण भरेल.

आमच्या जिल्ह्यानं याचा एक मोठा धडा जगाला दिला आहे. जामखेडला १९७० मध्ये डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्यानं काम सुरू केलं. खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित बायकांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठरोग, सगळं त्या बायका बघू लागल्या. १९७९ मध्ये आरोळ्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या एका आत्याचं सासर जामखेडकडचं. ती सांगायची, डॉक्टरांपेक्षा त्या आरोग्यकार्यकर्तीला घरातलं जास्त सांगता येतं, कारण तिच्याही घरी भाकरीला बाजरी कधीकधी नसते. २००५ नंतर गावोगाव आशाताई आल्या, त्यांची पहिली मुळं शोधायला निघालं तर जामखेडची वाट लागतेच.

विमा आमच्याकडं आला तो फार उशिरा. जुलै २०१२ मध्ये राज्यातल्या ८ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. नगरचा नंबर नंतरच्या टप्प्यात, २०१३ मध्ये लागला. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार अंगीकृत रुग्णालयात फुकट. हप्ता सरकार भरणार, सुरुवातीला कुटुंबामागे ३३३ रुपये. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतीराव फुल्यांचं नाव दिलं. राहुरीच्या माणसाला हे नाव घरचं, आमचं कृषी विद्यापीठही त्यांच्याच नावाचं. पण साथीच्या संदर्भात मला आधी सावित्रीबाई आठवतात. १८९७ च्या प्लेगात हडपसरजवळच्या माळावर त्यांच्या मुलानं, यशवंतानं, काढलेल्या दवाखान्यात त्या रोगी नेत होत्या. मुंढव्याच्या एका पोराला त्यांनी पाठीवर घालून आणलं, स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. ज्या वर्षी पुण्यात माणसांना ओढून नेत होते, त्याच वर्षी तिथून कोस-दोन कोसांवर एक बाई माणसाला पाठीवर उचलून आणत होती. पणजीला हे कुणी सांगितलं असतं तर?

मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा मोठी आई जाऊन कित्येक वर्षं झाली होती. तरी मी तिला मनातल्या मनात सगळं सांगत होतो. सुरुवातीला गावात अगदी प्लेगासारखंच झालं. वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या. पुण्या-मुंबईहून आलेल्या पोरांना शाळेत ठेवलं. घरावर कागद चिकटवला की शेजारी मान वळवू लागले. कारखान्यांवर अडकलेली ऊसतोड माणसं एप्रिल अर्धा सरेपर्यंत पाचटाच्या कोप्यांत बसून होती, मग तपासणी करून त्यांना गावाकडं सोडायचं ठरलं.

पण या वेळी दुसरंही काही घडलं, आणि ते मोलाचं होतं. २३ मे २०२० ला राज्य सरकारनं फुले योजना महाराष्ट्रातल्या सगळ्या रहिवाशांना खुली केली, पांढऱ्या कार्डाच्या माणसालाही. आधी काही महिन्यांसाठी, मग मुदत वाढत गेली. त्याआधी पांढऱ्या कार्डाचे शेतकरी फक्त आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत योजनेत बसत. गोदावरीपलीकडच्या गंगापूर-पैठणचा शेतकरी आत, अलीकडचा आमच्या जिल्ह्यातला बाहेर. नदीनं माणसाचा ताप वेगळा होत नाही, पण कागद वेगळा होत होता. त्याच दिवसांत खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर सरकारनं बांधले : साध्या विलगीकरणाला दिवसाला ४०००, अतिदक्षतेला ७५००, व्हेंटिलेटर लागला तर ९०००. जून २०२१ मध्ये लहान गावांसाठी ते आणखी उतरवले, साध्या खाटेला २४००. तपासणी साडेचार हजारांची होती, ती जून २०२० मध्ये २२०० वर आणली आणि पुढं आणखी खाली. हे आकडे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण ताप अंगावर काढायचा की नाही, हे त्या वेळी घराघरात या आकड्यांवर ठरत होतं.

आमच्याच घरातलं सांगतो. एप्रिल २०२१, दुसरी लाट. चुलतभावाचा उन्हाळी कांदा काढणीला आला होता. त्याला ताप आला आणि त्यानं तो कुणाला कळू दिला नाही. डोक्याला उपरणं गुंडाळून वाफ्यात बसून कांद्याच्या पाती कापत राहिला, मजूर बायकांच्या शेजारी. वहिनीनं विचारलं तर म्हणाला, ऊन लागलंय. पुढं बरा झाल्यावर मी त्याच्यापाशी बसलो तेव्हा तो म्हणाला, "दादा, मरणाचं नाही रे भ्या वाटलं. दवाखान्यात गेलो आन् दोन एकर गेलं तर?" पणजी शिपायाला भ्यायली होती, हा बिलाला भ्याला. बळदाआड काय आणि कांद्याच्या चाळीआड काय.

त्याला उघडं पाडलं आशाताईनं. घरोघर ऑक्सिजन मोजायचं यंत्र घेऊन ती फिरत होती. ती आमच्याच भावकीतली सून, त्याला 'भाऊजी' म्हणणारी. तिनं बोट पुढं करायला लावलं, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "भाऊजी, गाडी बोलवते. कार्ड केशरी आहे ना? मग घाबरू नका." पहिल्यांदा ज्या खासगी दवाखान्यात नेलं तिथं आधी अनामत रक्कम भरा म्हणाले. तिथून दुसरीकडं, योजनेतल्या रुग्णालयात नेलं. आरोग्यमित्रानं कार्ड पाहिलं. त्यात आणखी घोळ, कारण भावाचं कार्ड विभक्त केलेलं नव्हतं, नाव अजून काकांच्याच कार्डावर. पण नाव होतं. इंजेक्शनं बाहेरून धावपळ करून आणली, त्याचा खर्च झाला. बाकी योजनेतून. दोन एकर राहिलं, भाऊही राहिला.

योजनेचं ऋण मी मानतो. तरी तिची मर्यादाही तेव्हाच दिसली. करोनातली तिची पॅकेजं मुख्यतः गंभीर आजाराची होती : न्यूमोनिया, श्वास निकामी होणं, व्हेंटिलेटर. माणूस पुरता खचल्यावर ती हात देते. भावाच्या शेजारी बसून पाती कापणाऱ्या त्या मजूर बायकांपैकी दोघींना पुढं ताप आला. त्या खाटेपर्यंत पोचल्या नाहीत, सुदैवानं पोचावं लागलं नाही. पण त्या घरी बसल्या ते दिवस बिनमजुरीचे, आणि त्यांच्यासाठी कुठलंच पॅकेज नव्हतं. हिवरे बाजारला पोपटराव पवारांच्या गावानं त्याच लाटेत पथकं करून घरनघर तपासलं, लक्षण दिसताच माणूस वेगळा केला आणि मे २०२१ मध्ये गाव करोनामुक्त झालं. तिथं लोक पुढं आले, कारण पुढं आलेल्याच्या घरी काय लागेल ते गाव बघत होतं. हे काम विम्याच्या दाव्यात कुठं लिहिणार? रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय दावा होत नाही, आणि जो दाखल व्हायचा वाचला त्याची नोंद कुठल्याच रकान्यात येत नाही. आशाताईला या साऱ्या वणवणीसाठी केंद्राकडून महिन्याला हजार रुपये जादा मिळत. कामावर असताना करोनानं गेली तर ५० लाखांचा विमा होता. तिच्या मरणाची किंमत सरकारनं मोकळ्या हातानं धरली आणि जगण्याची इतकी आखडून, याचा मला तेव्हाही राग आला आणि आजही येतो.

जुलै २०२३ च्या निर्णयानं फुले योजना कायमची सगळ्यांसाठी झाली, मर्यादा कुटुंबामागे ५ लाखांवर गेली. चांगलं झालं. आता आशाताई मोबाइलवर आयुष्मान कार्डं काढून देत फिरते. आत्याचा अंगठा घासून गेलाय, तो यंत्रावर उमटेना, तर तिनं डोळ्यांवरून काढून दिलं. मध्यंतरी भेटली तेव्हा म्हणाली, "काका, आपल्या गावातली झाली सगळी. नदीकडच्या तोडवाल्यांची राहिली." गाळपासाठी आलेली ती माणसं. त्यांचं शिधापत्रिकेचं कार्ड गावाकडं म्हाताऱ्यांपाशी असतं, कारण तिकडं धान्य त्याच्यावर मिळतं. माणसं इथं, कार्ड तिथं. तिनं प्रत्येक कोपीत जाऊन गावाकडं फोन लावायला सांगितला, कार्डाचे फोटो मागवले आणि बारा अंकी नंबर आपल्या वहीत उतरवून घेतले. रात्री रेंज मिळाली की एकेकाचं भरते. काही नावं जुळत नाहीत, तिकडं 'सखूबाई' असतं आणि आधारवर 'सखुबाई'. त्यांच्यासाठी तिला तहसीलला जायचं आहे, आणि तिथं बरोबर कोण येणार म्हणून ती मला विचारत होती. सोमवारी जातोय आम्ही.